लोकल झोंबतं, त्यावर काय विकत घ्यावं आणि काय नको

चामखीळ काढायची असो, पायात कालवाचा शिंपला घुसलेला असो की अक्कलदाढ असो, माणूस चाकूला तेवढा भीत नाही जेवढा "आधी जरा बधीर करतो हं" या वाक्याला भितो. आणि त्याचं बरोबरच असतं. ही बधीर करण्याची सुई म्हणजेच दवाखान्याच्या भाषेत "लोकल". पुढचं सगळं बधीर जागेवर होतं. काही जाणवायचं असेल तर ते याच पहिल्या दोन मिनिटांत.

ही दोन मिनिटं सुसह्य करायला आज गोव्यात बऱ्याच वस्तू मिळतात: सुन्न करणारं क्रीम, गार फवारा, थरथरणारी प्लास्टिकची मधमाशी, बारीक सुया, दाताच्या डॉक्टरांसाठी कॉम्प्युटरवर चालणारी सिरिंज. शिवाय एक वस्तू अशी आहे जी या कामासाठी म्हणून कुणी विकतच नाही. आम्ही या सगळ्या एकाच कसोटीवर पाहिल्या: रोजच्या मायनर ओटीत, म्हणजे छोट्या ऑपरेशनांच्या खोलीत, रांग लागलेली असताना, ही वस्तू खरंच हातात घेतली जाईल का? निकाल आधीच सांगतो. जी वस्तू या कामासाठी विकली जात नाही तीच पहिली आली.

सोडा बायकार्ब, ७.५ टक्के, काचेची ॲम्प्यूल

ही म्हणजे सोडियम बायकार्बोनेटची, मान मोडून उघडायची काचेची कुपी. आपल्याकडे १० आणि २५ मिलीची येते. आयसीयूत रक्तातलं आम्ल उतरवायला वापरतात, म्हणून गल्लीतल्या फार्मसीत सहसा नसते. मोठ्या इस्पितळाजवळच्या दुकानात किंवा होलसेलरकडे सांगून ठेवावी लागते. दहा मिलीची घ्या, पंचवीसची नको. कारण पुढे येतं.

लोकल झोंबतं ते सुईमुळे कमी आणि औषधामुळे जास्त. लिग्नोकेन, म्हणजे बधीर करणारं औषध, पाण्यात विरघळून बाटलीत टिकावं म्हणून ते आम्लधर्मी ठेवलेलं असतं. साध्या दोन टक्के लिग्नोकेनचा पीएच (आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) सहाच्या आसपास. रक्त कमी यावं म्हणून ॲड्रिनलिन घातलेल्या बाटलीत मात्र तो चारपर्यंत खाली असतो, कारण आम्ल नसेल तर ॲड्रिनलिन बाटलीतच खराब होतं. शरीराचा पीएच ७.४. म्हणजे लाल अक्षरात ॲड्रिनलिन लिहिलेली बाटली टोचताना आपण कातडीखाली कोकमाच्या आगळासारखं काहीतरी सोडत असतो. आग होणारच.

दुसरी गोष्ट, मज्जातंतूच्या आवरणातून आत शिरतो तो लिग्नोकेनचा विद्युतभार नसलेला रेणू. पीएच ७.४ ला असे रेणू साधारण चौथा हिस्सा असतात. पीएच चारला हजारात एकसुद्धा नसतो. शरीर हळूहळू ते आम्ल मारतं आणि मग औषध लागू होतं, पण मधला वेळ पेशंट सोसतो. सोडा तेच काम सिरिंजमध्येच उरकतो, त्यामुळे झोंबणं कमी होतं आणि बधीरपणाही जरा लवकर येतो. सगळे वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१० मधल्या आढाव्यातही हेच निघालं: सोडा मिसळलेलं लिग्नोकेन कमी दुखतं, आणि ॲड्रिनलिनच्या बाटलीत हा फरक जास्त पडतो.

प्रमाण सोपं आहे, नऊ ते दहा भाग लिग्नोकेनला एक भाग सोडा. परदेशी पुस्तकांत ८.४ टक्क्यांचा सोडा धरलेला असतो. आपला ७.५ टक्क्यांचा किंचित सौम्य, पण हेच प्रमाण चालतं. पाच मिलीच्या सिरिंजमध्ये साडेचार मिली लिग्नोकेन आणि अर्धा मिली सोडा, इतकं लक्षात ठेवलं तरी काम भागतं.

क्रम मात्र चुकवू नका. आधी लिग्नोकेन ओढायचं, मग सोडा. उलट केलं तर सोडा भरलेली सिरिंज तुम्ही तीस मिलीच्या बाटलीच्या रबरात खुपसता, बाटलीत हवा सोडताना दोन थेंब सोडाही आत जातो आणि आठवडाभर चालणारी बाटली तिथेच बिघडते. ॲम्प्यूल उघडी असते, तिच्यातून ओढायला हवा सोडावी लागत नाही, म्हणून ती शेवटी. ॲम्प्यूलच्या मानेवर ठिपका असेल तर तो आपल्याकडे करायचा, मान स्पिरिटच्या बोळ्याने पुसायची, अंगठा ठिपक्यावर ठेवून मान ठिपक्याच्या उलट बाजूला मोडायची. ठिपका न बघता मोडली की काचेचा कपचा आत पडतो. बोट कापलं तर ते वेगळंच.

दोन्ही ओढून झाल्यावर दट्ट्या आणखी थोडा मागे घ्या, हवेचा बुडबुडा आत येऊ द्या आणि सिरिंज चारपाच वेळा उलटसुलट करा. ॲड्रिनलिनचं मिश्रण असेल तर नळीच्या भिंतीला बारीक बुडबुडे चिकटलेले दिसतील, लिंबूसोड्याच्या ग्लासात दिसतात तसे. तो कार्बन डायऑक्साइड, आम्ल आणि सोडा भेटल्याचा पुरावा. सिरिंज उभी धरून टिचकी मारा, बुडबुडे वर येऊ द्या, बाहेर काढा आणि मग नवी बारीक सुई लावा.

आता बिघडतं कुठे ते. मिश्रण दुधाळ झालं किंवा बर्फाचा चुरा तरंगतोय असं वाटलं तर सोडा जास्त पडला. ते टोचायचं नाही, फेकायचं. दोन टक्क्यांत हे एक टक्क्यापेक्षा लवकर होतं, म्हणून अंदाजाने ओतणाऱ्यांनी या वाटेला जाऊच नये. ब्युपिव्हॅकेन या दुसऱ्या बधीर करणाऱ्या औषधाला हे प्रमाण लावलं तर लगेच साका धरतो, तिथे हा उपाय विसरा. मिश्रण सकाळी करून संध्याकाळपर्यंत ठेवणंही चूक, कारण आम्ल गेलं की ॲड्रिनलिनची ताकद उतरायला लागते. पेशंट टेबलावर आला की करायचं आणि तेव्हाच वापरायचं.

वस्तू म्हणून दोष दोन. एक, ॲम्प्यूलमध्ये जंतुरोधक नसतं, त्यामुळे दहातला एक मिली वापरून उरलेली टाकून द्यावी लागते. उघडी ॲम्प्यूल चिकटपट्टी लावून ट्रेमध्ये ठेवण्याची सवय आढळते, ती मोडायलाच हवी. पंचवीसची नको म्हटलं ते याचसाठी. एवढं टाकूनही खर्च पणजीतल्या एका साध्या फिशथाळीपेक्षा कमीच येतो. दुसरा दोष गंभीर आहे. पोटॅशियम क्लोराइडची ॲम्प्यूलही दहा मिलीचीच असते आणि दिसायला बरीचशी सारखी. दोन्ही एका खणात ठेवू नका. ओढण्याआधी नाव मोठ्याने वाचा, शेजारी उभ्या सिस्टरला ऐकू जाईल असं.

टक्के आणि मिली

सोड्याचा विषय निघालाच आहे तर हेही सांगून टाकू. आपल्या दवाखान्यांत दोन टक्क्यांचीच बाटली असते आणि तीच थेट टोचली जाते. कातडीखाली पसरवायला एक टक्का पुरतो. दोन टक्क्यांनी बधीरपणा दुप्पट होत नाही, फक्त वापरता येणारे मिली निम्मे होतात. साधं लिग्नोकेन किलोमागे ४.५ मिलीग्रॅम, ॲड्रिनलिनसह ७ मिलीग्रॅम, ही वरची मर्यादा. पन्नास किलोच्या बाईला साधं दोन टक्के जास्तीत जास्त सव्वाअकरा मिली. एक टक्का केलं तर तेवढ्याच औषधात साडेबावीस मिली मिळतात. मोठी गाठ किंवा लांब जखम असेल तर हा फरक कामाचा ठरतो.

त्यासाठी दहा मिलीची सिरिंज: पाच मिली दोन टक्के लिग्नोकेन, चार मिली नॉर्मल सलाइन, एक मिली सोडा. बाटली एकास दोन लाख ॲड्रिनलिनची असेल तर ते एकास चार लाख होईल. टाक्यांच्या कामाला तेवढंही बऱ्यापैकी चालतं. रक्ताळ जागी, म्हणजे डोक्याच्या कातडीला, सलाइन न घालता फक्त सोडा घाला.

पिवळी सुई

पाच मिलीच्या सिरिंजच्या पाकिटात येते ती २३ किंवा २४ गेजची (गेजचा आकडा मोठा तितकी सुई बारीक), निळ्या किंवा जांभळ्या बुडाची. ती बाटलीतून औषध ओढण्यापुरती. रबरातून एकदा गेलेल्या सुईचं टोक बोथट होतं, तीच कातडीत घालणं म्हणजे बोथट सुरीने मासा कापणं. पेशंटसाठी ३० गेज, अर्धा इंच, पिवळ्या बुडाची वेगळी सुई घ्या. जाडी ०.३ मिलीमीटर, निळ्या सुईच्या निम्मी. मिळाली नाही तर करड्या बुडाची २७ चालेल. तपकिरी २६ सगळीकडे मिळते आणि तीही निळीपेक्षा बरी.

बारीक सुईचा खरा फायदा टोचण्यात नाही, वेगात आहे. तिच्यातून औषध घाईने ढकलता येतच नाही. पण मागे दहा मिलीची सिरिंज लावली तर दट्ट्या ढकलताना अंगठा थरथरतो, सुई हलते आणि कमावलेलं सगळं जातं. पिवळ्या सुईमागे दोन, तीन, फार तर पाच मिलीची सिरिंज लावा. दुसरी अडचण, सुई सिरिंजवर नुसती टेकवलेली असेल तर दाबाने उडते आणि औषध डोळ्यांत येतं. पिळाची, म्हणजे लुअर लॉकची सिरिंज घ्या, चष्मा लावा.

इन्शुलिनची सिरिंज हा गरिबाचा पर्याय, आणि चेहऱ्यावरच्या छोट्या कामाला तो चांगला आहे. सुई ३० किंवा ३१ गेजची, पण जोडलेली, बदलता येत नाही. रबरात खुपसली की बोथट. यावर युक्ती अशी: दट्ट्या पूर्ण काढा, निर्जंतुक कपड्यावर ठेवा, दुसऱ्या सिरिंजने मागच्या तोंडातून औषध भरा, दट्ट्या परत बसवा, सुई वर करून हवा काढा. टोक तसंच धारदार राहतं. खुणा वाचताना मात्र सावध. लाल टोपीच्या यू-४० मध्ये एक मिली म्हणजे चाळीस युनिट, नारिंगी टोपीच्या यू-१०० मध्ये शंभर.

हात आणि घड्याळ

हे कुठल्याच दुकानात मिळत नाही, तरी परीक्षणात घ्यावंच लागतं. वरचं सगळं सामान आणलं आणि पाच मिली पाच सेकंदांत ढकललं, तर सामानाचे पैसे वाया. ऊती ताणल्या जातात आणि ताणच दुखतो. कॅनडाचे प्लास्टिक सर्जन डॉनल्ड लालोंड आणि त्यांचे सहकारी यांनी २०१३ मध्ये ही पद्धत नीट मांडली. पेशंटला गुंगी न देता, फक्त लोकलवर हाताची ऑपरेशनं करायची तर लोकलच न दुखणारं हवं, हा त्यांचा हट्ट.

सुई कातडीला काटकोनात. तिरकी घातली की ती कातडीच्या थरातल्या जास्त मज्जातंतूंतून जाते. शेजारची कातडी चिमटीत धरा आणि त्याच क्षणी टोचा. टोक कातडीच्या थरात नको, खालच्या चरबीत हवं. संत्र्याच्या सालीसारखा फुगवटा दिसायला छान, पण सुरुवातीलाच तो आणणं म्हणजे सगळ्यात दुखरी जागा आधी निवडणं. अर्धा मिली औषध आत जाऊ द्या आणि थांबा. सुई हलवू नका, हात पेशंटच्या अंगावर टेकलेला ठेवा. पंधरा ते तीस सेकंद, किंवा पेशंट "गेलं आता" म्हणेपर्यंत. मग तिथूनच हळूहळू पुढचं. औषध पुढे, सुई मागे: टोकाच्या पुढे सेंटीमीटरभर बधीर फुगवटा चालत राहिला पाहिजे. दुसऱ्यांदा टोचायचंच असेल तर आधी बधीर झालेल्या कडेच्या आतून. हे जमलं तर पेशंटला एकच टोचणी आठवते.

जखम स्वच्छ असेल तर सुई शाबूत कातडीतून नको, जखमेच्या कडेतून आतून घाला. कमी दुखतं. चिखल-माती लागलेल्या, शेणात पडलेल्या जखमेला मात्र बाहेरून.

औषधाचं तापमान हा गोव्यात थोडा गमतीचा भाग. शरीराइतकं कोमट औषध गारपेक्षा कमी दुखतं, हे पक्कं. एप्रिल-मेमध्ये पंख्याखाली ठेवलेली बाटली तशीही कोमटच असते. खरा प्रश्न एसीच्या खोलीचा आणि फ्रिजच्या दाराचा. बाटलीवर लिहिलेल्या तापमानातच साठवा, पण भरलेली सिरिंज दोनतीन मिनिटं मुठीत धरा किंवा कोमट पाण्याच्या वाटीत पाकिटासकट ठेवा. मायक्रोवेव्ह नको. आत कुठे किती तापलं ते कळत नाही.

आणि बोलणं. २०१० मध्ये प्रसूतीच्या बायकांवर झालेल्या एका अभ्यासात कमरेत लोकल देताना काहींना "मोठी मधमाशी चावल्यासारखं होईल, हाच सगळ्यात वाईट भाग" असं सांगितलं, तर काहींना "जागा बधीर करतोय, मग तुम्हाला बरं वाटेल" असं. सुई तीच, औषध तेच. मधमाशीवाल्यांना जास्त दुखलं. "मुंगी चावेल हं" हे आपलं लाडकं वाक्य सोडून द्या. "बाय, यंदा चतुर्थीची माटोळी कुणी बांधली?" हे त्याहून कामाचं.

सुन्न करणारं क्रीम

जाहिरात याचीच जास्त. लिग्नोकेन अडीच टक्के आणि प्रिलोकेन अडीच टक्के, पाच ग्रॅमची आणि तीस ग्रॅमची ट्यूब. क्रीम चांगलं आहे. वापरणारे वाईट. दहा मिनिटं आधी बोटाने चोळून "लावलंय क्रीम" म्हणणं म्हणजे न लावणं. चोळायचं नसतंच. जाड थर द्यायचा, दीड-दोन ग्रॅम दहा चौरस सेंटीमीटरवर, केकवरच्या आयसिंगसारखा, आणि वरून हवाबंद करायचं. किमान एक तास. तासाभरात साधारण तीन मिलीमीटर खोल बधीर होतं, दोन तासांत पाच. त्यापलीकडे ते जात नाही.

पावसाळ्यात इथे गंमत होते. घामाने पारदर्शक पट्टी सुटते, क्रीम शर्टाला लागतं आणि कातडी कोरडी ती कोरडीच. आधी कातडी पुसून कोरडी करा. स्वयंपाकघरातली क्लिंग फिल्म दोन वेढे घालून कडा मायक्रोपोरने चारी बाजूंनी बंद करा. हातापायाला हे महागड्या पट्टीपेक्षा चांगलं बसतं. काढल्यावर कातडी पांढरी पडलेली दिसली तर काम झालंय. रक्त काढायचं असेल तर मात्र त्याच पांढरेपणामुळे शीर लपते.

तळहात-तळपायाला ते जवळजवळ निकामी, कातडी जाड असते. म्हणजे झुवारी किंवा चापोरा नदीच्या खडकांवर कालवांनी तळपाय फाडून आलेल्याला क्रीमचा उपयोग नाही. एक तर तळवा, त्यात उघडी जखम, आणि उघड्या जखमेवर हे क्रीम लावायचं नसतं. तळव्यात थेट लोकल टोचणं हा तर छळच. येत असेल त्याने घोट्यामागच्या नसेचा ब्लॉक द्यावा, म्हणजे तळव्याकडे जाणारी नसच तिथे बधीर करावी. घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी पातळ असते, तिथे टोचलेलं माणूस सहन करतो.

मुलांसाठी लस, सलाइन, मोलस्कम (कातडीवरचे विषाणूचे बारीक फोड) काढणं, इथे क्रीमला तोड नाही. पण वयाची मर्यादा पाळा: तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला एकूण एक ग्रॅम, दहा चौरस सेंटीमीटर, एकच तास. एक ते सहा वर्षांचं, दहा किलोच्या वरचं मूल असेल तर जास्तीत जास्त दहा ग्रॅम. प्रिलोकेनमुळे रक्तातलं हिमोग्लोबिन बदलून ओठ निळे पडू शकतात. डॅप्सोन किंवा सल्फाच्या गोळ्या चालू आहेत का, रक्तातलं जी-सिक्स-पीडी हे एन्झाइम कमी आहे का, ते आधी विचारा.

सगळ्यात धोका कळंगुट-बागाकडच्या टॅटूच्या आणि लेझरच्या गिऱ्हाइकांना. अख्ख्या पायांना क्रीम फासून प्लास्टिकमध्ये गुंडाळून तासन्‌तास बसणं हा वेदनेवरचा उपाय नव्हे. लेझरने केस काढण्याआधी असं करून दोन तरुणी दगावल्यानंतर अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २००७ मध्ये जाहीर इशारा दिला होता. ऑनलाइन मिळणाऱ्या, टक्केवारी धड न लिहिलेल्या ट्यूबला हात लावू नका.

आणि मूळ मुद्दा: क्रीम सुईची टोचणी घालवतं, औषधाचं झोंबणं नाही. तीन मिलीमीटरच्या खाली आम्ल ते आम्लच. क्रीम लावून घेतलेला पेशंट "तरी दुखलंच की" म्हणतो तो उगाच नाही. दोन्ही हवं, पण एकच परवडत असेल तर सोडा बायकार्ब घ्या.

मधमाशी, बर्फ, फवारा

थरथरणारी मधमाशी म्हणजे बॅटरीवरचं छोटं यंत्र, पंखांच्या जागी बर्फाची पाकिटं. तत्त्व १९६५ च्या मेलझॅक-वॉलच्या सिद्धांतातलं: थरथर आणि गारव्याच्या संवेदना मज्जारज्जूतलं दार अडवतात, वेदनेला वाट कमी मिळते. आपण बोट ठेचलं की हात झटकतो, तेच. मुलांना लस देताना, रक्त काढताना उपयोगी. चूक होते ती जागेची. टोचायच्या ठिकाणी नाही, त्याच्या वर, मेंदूच्या बाजूला चारपाच सेंटीमीटरवर ठेवायची, आणि टोचून होईपर्यंत चालू ठेवायची. बाहेरून मागवावी लागते, महाग पडते, आणि फ्रीझरमध्ये पंख ठेवायचं कोण लक्षात ठेवतं हा प्रश्न उरतोच. चेहऱ्याच्या मसाजचं छोटं यंत्र ग्लोव्हमध्ये घालून वापरलं तरी थरथर तीच.

बर्फ: ग्लोव्हच्या बोटात पाणी भरून गाठ मारून गोठवा. मिनिटभर धरा, काढल्या काढल्या टोचा. खर्च शून्य, आम्हाला मधमाशीपेक्षा हे आवडलं.

इथाइल क्लोराइडचा फवारा खेळाडूंच्या किटमध्ये बरा. वितीपेक्षा कमी अंतरावरून चारपाच सेकंद मारला की कातडीवर पांढरं दव धरतं आणि परिणाम मिनिटभरही टिकत नाही. फोड फोडायला ठीक, लोकलच्या हळू इंजेक्शनला निरुपयोगी. शिवाय हा वायू पेटतो. कॉटरी (रक्त थांबवायला जाळणारं विजेचं यंत्र) चालू असलेल्या खोलीत फवारा ठेवणारा दवाखाना दिसला तर उठून या.

दात

तोंडातलं गणित वेगळं. सोड्याचा फायदा इथे कातडीइतका ठामपणे दिसत नाही, म्हणून दाताच्या डॉक्टरांना आम्ही ॲम्प्यूलचा आग्रह करत नाही. हिरडीवर लावायचं बधीर करणारं जेल मात्र हवंच, आणि ते नीट लावलेलं. हिरडी गॉजने कोरडी केल्याशिवाय लावलेलं वीस टक्के बेंझोकेन लाळेबरोबर घशात जातं, जीभ बधीर होते, हिरडी नाही. एक-दोन मिनिटं थांबावं लागतं. दोन वर्षांखालच्या मुलांना बेंझोकेन नाहीच.

टाळूवरची टोचणी सगळ्यात वाईट, कारण तिथली कातडी हाडाला घट्ट चिकटलेली, औषधाला पसरायला जागा नाही. आरशाच्या दांड्याने किंवा कापसाच्या काडीने टाळू पांढरी पडेपर्यंत दाबून धरायची, दाब न सोडता बाजूलाच टोचायचं आणि थेंबाथेंबाने द्यायचं. १.८ मिलीची कार्ट्रिज (औषध भरलेली नळी) संपायला पावणेदोन-दोन मिनिटं लागली पाहिजेत. कॉम्प्युटरवरची सिरिंज हेच करते, अंगठ्याऐवजी मोटर आणि ठरावीक वेग. यंत्र चांगलं आहे, दिवसभर दाताचंच काम करणाऱ्याला थकवाही कमी. पण ते विकतं ते संथपणा, आणि संथपणा अंगठ्यालाही शिकवता येतो.

पेशंटने काय विचारावं

गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) असो की गावच्या आरोग्य केंद्रात, "डॉक्टर, लोकलमध्ये सोडा घालता का, आणि सुई बारीक लावाल का?" एवढं विचारायला हरकत नाही. प्रश्न आगाऊ नाही. आधी ठरवलेलं काम असेल, गाठ किंवा तीळ, तर क्रीम घरून लावून जा, जागा डॉक्टरांकडून पेनने आखून घेऊन, निघण्याआधी घड्याळ बघून. पूर्वी लोकल घेताना चक्कर आली असेल, छाती धडधडली असेल, हृदयाचं औषध चालू असेल तर ते सुईच्या आधी सांगा. धडधड बहुतेक वेळा ॲड्रिनलिनची असते, ॲलर्जी नव्हे, पण पुढच्या वेळची बाटली निवडताना ते डॉक्टरांना माहीत हवं.

दवाखान्याची यादी करायची तर आमच्या मते महिन्याची खरेदी अशी: सोडा बायकार्बच्या दहा मिलीच्या पंचवीस ॲम्प्यूल, ३० गेज अर्धा इंच सुयांचा एक डबा, लुअर लॉक सिरिंज तीन किंवा पाच मिली, क्रीम पाच ग्रॅमच्या ट्यूब, मुलं येत असतील तेवढ्या. तीस ग्रॅमची ट्यूब घेतली की ती वर्षभर उघडी राहते आणि टोपी हरवते. ॲम्प्यूलचा खोका आला की त्यावर मार्करने "लोकलसाठी" असं लिहून वेगळ्या कप्प्यात ठेवा, पोटॅशियमपासून लांब.